परळला पोहोचेपर्यंत

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला दर मिनिटाला साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त पुरवलं जात असतं. तिच्या अंगात एकूण रक्त सहा लिटरच्या आसपास. बाळ जन्मलं, वार सुटली की गर्भाशय मुठीसारखं आवळून येतं आणि वारेच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानंच बंद होतात. टाका नाही, पट्टी नाही. बहुतेक वेळा हे बिनबोभाट पार पडतं, म्हणून आपण बाळंतपणाला ‘नैसर्गिक’ म्हणतो. गर्भाशय सैल राहिलं, तर मात्र वरच्या दोन आकड्यांचा भागाकार करून बघा. उत्तर तासांत येत नाही.

हा भागाकार मनात ठेवून परळच्या आचार्य दोंदे मार्गावर उभं राहावं. इथे केईएम आहे, जवळच नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आहे, जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था आहे आणि केईएमच्याच आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. बाळंतपणात मरणाच्या दारात गेलेल्या बाईला माघारी आणायला जे जे लागतं, म्हणजे शस्त्रक्रिया, रक्त, व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदयाचा आणि मेंदूचा डॉक्टर, ते सगळं इथे हाकेच्या अंतरावर. गिरगाव, लालबाग, दादरच्या माणसाला याचा अभिमानही असतो. ‘आपल्याकडे केईएम आहे’ हे वाक्य चाळीतल्या कुठल्याही आजारपणाच्या चर्चेत शेवटी येतंच. मला त्या वाक्यातल्या निर्धास्तपणाबद्दल लिहायचं आहे. कारण अतिदक्षता विभागात पोहोचणाऱ्या बाळंतिणीचं भवितव्य बरंचसं ती या रस्त्यावर वळण्याआधीच ठरलेलं असतं.

महाराष्ट्राची आकडेवारी चांगली आहे, हे आधी मान्य करू. २००१-०३ मध्ये राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ वर आली. त्याच वेळी देशाची सरासरी ९७ होती. घरची बाळंतपणं जवळपास संपली, दवाखान्यात नाव घालणं सवयीचं झालं, १०८ नंबरची गाडी आली. पण मृत्यू मोजण्यात एक सोय आहे. मेलेल्या बाईची फाईल बंद होते, समिती बसते, अहवाल जातो. जी मरता मरता वाचली तिचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये अशा बाईची व्याख्या ठरवली. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत जीवघेणी गुंतागुंत होऊनही जी जगली, ती ‘निअर मिस’. आपल्या केंद्र सरकारनं अशा बायकांची नोंद आणि चौकशी कशी करावी याच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये काढल्या, तर प्रसूतिशास्त्रासाठी वेगळे अतिदक्षता कक्ष कसे असावेत याच्या २०१६ मध्ये. कल्पना साधी होती. मेलेली बाई काय चुकलं ते सांगू शकत नाही, वाचलेली सांगू शकते.

या सूचना येण्याच्या दहा वर्षं आधी केईएममध्ये हे काम झालं होतं. तिथल्या अतिदक्षता विभागाचे डॉ. दिलीप कर्नाड, प्रसूतिविभागाच्या डॉ. विनिता साळवी आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांत आयसीयूत आलेल्या गरोदर आणि बाळंत बायकांचा अभ्यास २००४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. बायका ४५३. दगावल्या ९८, म्हणजे दर शंभरात जवळपास बावीस. पोटातली २३६ बाळं गेली. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. इतक्या आजारी बायकांपैकी ३५५ घरी गेल्या, हे सार्वजनिक रुग्णालयाचं मोठं यश आहे. आणि त्यातल्या कितीतरी रिकाम्या हातानं गेल्या.

या बायका आल्या कशानं? रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके होतेच, पण मलेरिया आणि कावीळही होती. हे खास मुंबईचं आहे. परदेशी पाठ्यपुस्तक वाचून आलेल्याला प्रसूतिविभागात डास आणि पिण्याचं पाणी यांची आठवण होणार नाही. केईएममध्ये पावसाळ्यात ती करून द्यावी लागत नाही. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ पुरुषाला पंधरवडाभर अंथरुणात पाडते. दिवसांत असलेल्या बाईला तीच, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, थेट बेशुद्धीत नेऊ शकते. लहानपणी सांधेतापानं झडप खराब झालेली मुलगी चाळीचे जिने चढता-उतरता तशीच मोठी होते, लग्न होतं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात दम लागू लागतो तेव्हा पहिल्यांदा कळतं की हृदय दुबळं आहे. तोवर घरचे म्हणत असतात, दिवसांत दम लागतोच.

‘दिवसांत असं होतंच.’ या एका वाक्यानं किती वेळ खाल्ला असेल! पाय सुजले, दिवसांत सुजतातच. डोकं ठणकतंय, ऊन लागलं असेल. पोटात वरच्या बाजूला दुखतंय, पित्त झालंय, जेलुसिल घे. यातली प्रत्येक तक्रार खरोखरच बहुतेक वेळा किरकोळ असते, म्हणून तर फसगत होते. पण विसाव्या आठवड्यानंतर या तक्रारींसोबत रक्तदाब चढलेला असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर पुढची पायरी झटक्यांची असते. मेंदूत रक्तस्राव, लिव्हर आणि किडनी निकामी होणं, रक्त न गोठणं, हे सगळं मग एकापाठोपाठ येतं. रक्तदाब मोजायचं यंत्र प्रत्येक गल्लीतल्या डॉक्टरकडे आहे. ते बाईच्या दंडाला त्या दिवशी लागलं का, एवढाच प्रश्न उरतो.

झटक्यांवरचं औषधही महाग नाही. मॅग्नेशियम सल्फेट हा साधा क्षार. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत दहा हजारांहून अधिक बायकांवर सिद्ध झालं की ते वेळेत दिलं तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. या औषधाचा डोस अमेरिकेत ठरला होता, तिथल्या बायकांच्या वजनावर. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई यांना प्रश्न पडला की आपल्या चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बाईला एवढं कशाला? कमी डोसची पद्धत त्यांनी वापरून पाहिली आणि २००३ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. जास्त झालं तर हेच औषध श्वास मंदावतं. म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का आणि लघवी किती होते हे तासातासाला बघत बसावं लागतं. ज्या वॉर्डात एका सिस्टरकडे वीस-पंचवीस बाळंतिणी आहेत तिथे बघणार कोण, ही धास्ती मला अवास्तव वाटत नाही. सरदेसाईंच्या कामाचं मोल त्या धास्तीमुळे अधिक वाटतं.

रक्तस्रावाची गोष्ट वेगळी. तिथे अनेकदा आधी सूचनाच नसते. किती रक्त गेलं हे डोळ्यांनी ठरवण्याची जुनी सवय आहे. कपडे भिजले, लादीवर सांडलं, अंदाज केला. हा अंदाज किती कमी निघतो, हे बेळगावात मोजलं गेलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी प्लास्टिकचं एक साधं कापड वापरलं. बाळंतिणीच्या खाली अंथरायचं, खालच्या टोकाला मापाच्या खुणा असलेली पिशवी. २००६ मध्ये छापलेल्या तुलनेत डोळ्यांचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी पडला. याच संस्थेनं बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, नर्सबाईंच्या हातून होणाऱ्या बाळंतपणांत, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १६२० बायकांच्या त्या चाचणीत रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. सतरा वर्षांनी, २०२३ मध्ये, आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर ‘ई-मोटिव्ह’ नावाची चाचणी झाली. पिशवीनं मोजा, आणि ठरलेल्या मापाच्या वर गेलं की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू करा. गंभीर रक्तस्राव साठ टक्क्यांनी घटला. जगानं कौतुक केलं. त्या कापडाचं एक मूळ आपल्या सीमाभागात आहे, हे बेळगावच्या नावानं घसा कोरडा करणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे आणखी एक औषध. जपानच्या उताको ओकामोटो यांनी नवऱ्यासह साठच्या दशकात शोधलं, ते बाळंतिणींवर मोठ्या प्रमाणात आजमावलं गेलं २०१७ मध्ये. वीस हजार बायकांच्या त्या अभ्यासाचं सार असं की तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. पुढच्या विश्लेषणात दिसलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिरानं फायदा दहा टक्क्यांनी घटतो आणि तीन तासांनंतर उरतच नाही. म्हणजे औषध आहे, स्वस्त आहे, पण ते घड्याळाला बांधलेलं आहे. पालघर किंवा रायगडच्या टोकावरून परळला यायला लागणारा वेळ या हिशेबात घालून बघा.

आणि फक्त पालघर-रायगडच कशाला? दादर-गिरगावच्या मध्यमवर्गीय घरांची तीन पिढ्यांची बाळंतपणं पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या प्रसूतिगृहांत झाली. दहा खाटा, ओळखीचे डॉक्टर, घरून डबा, वरणभातावर तुपाची धार. या जागांबद्दल मला आपुलकी आहे. निरोगी बाईचं बाळंतपण तिथे जितक्या मायेनं होतं तितकं मोठ्या रुग्णालयात होत नाही. पण बहुतेक ठिकाणी रक्तपेढी नसते, रात्रभर थांबणारा भूलतज्ज्ञ नसतो, आयसीयू तर नसतोच. गुंतागुंत झाली की ‘मोठ्या हॉस्पिटलात हलवा’ म्हणावं लागतं. मग गाडी शोधायची, खाट आहे का विचारायचं, एका ठिकाणी रक्त नाही म्हणून दुसरीकडे. थॅडियस आणि मेन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागचे तीन उशीर सांगितले. घरातून निघायचं ठरवण्याचा, पोहोचण्याचा आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा. मुंबईत तिसरा उशीर पुन्हा पहिल्यात शिरतो. दवाखान्यात पोहोचलेल्या बाईला पुन्हा निघावं लागतं.

रस्त्याचंही बोलायला हवं. जोराचा पाऊस झाला की हिंदमाताला पाणी भरतं, हे मुंबईत मुलांनाही पाठ आहे. महापालिकेनं तिथलं पाणी साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, फरक पडला, पण भरवसा नाही. गणपतीत लालबागचे रस्ते दिवसरात्र माणसांनी भरलेले. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा प्रभादेवीकडून केईएमला जाणाऱ्या रुग्णवाहिकांचं काय, असा प्रश्न रहिवाशांनी विचारला तो उगाच नव्हे. पूल पाडू नये असं कुणी म्हणणार नाही. पण शहराच्या नकाशावर पूल हा वाहतूक खात्याचा विषय असतो आणि बाळंतीण आरोग्य खात्याचा. दोघांची गाठ रुग्णवाहिकेत पडते.

रक्ताबद्दल एक गोष्ट परळचीच. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती छापली. सध्या तो जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. या गटाच्या माणसाच्या रक्तपेशींवर ‘ए’ आणि ‘बी’ तर नसतातच, पण ‘ओ’ गटाच्या पेशींवर असतो तो ‘एच’ घटकही नसतो. नेहमीच्या तपासणीत हा माणूस ‘ओ’ दिसतो. त्याला ‘ओ’ रक्त दिलं तर मात्र अंगातली प्रतिपिंडं ते फोडून टाकतात. भारतात सुमारे दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं.

आता गरोदर बाईचा विचार करा. कार्डावर ‘ओ’ लिहिलेलं आहे. रक्तस्राव सुरू झाला. इतर वेळी अत्यंत घाईत न जुळवताही ‘ओ निगेटिव्ह’ची बाटली लावता येते, कारण ते सर्वांना चालतं असं गृहीत आहे. याच बाईला ते चालत नाही. क्रॉसमॅच केली तर कळतं, न केली तर बाटली सुरू झाल्यावर कळतं. आणि कळलं तरी रक्त आणायचं कुठून? बॉम्बे गटाचे दाते शोधायचे, फोन फिरवायचे, एखादी पिशवी दुसऱ्या शहरातून विमानानं यायची. तिसऱ्या महिन्यात उलट बाजूनंही, म्हणजे ‘ओ’ पेशींविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का हे पाहून, रक्तगट तपासून घेतला तर हे आधी समजतं. मग शेवटच्या महिन्यांत तिचं स्वतःचं रक्त काढून ठेवता येतं, दात्यांची नावं हाताशी ठेवता येतात. या गटाला ज्या शहराचं नाव मिळालं, तिथल्या प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी व्हायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तसा आपल्याकडच्या बायकांचा रक्ताशी हिशेब आधीच तोट्याचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. बारा हिमोग्लोबिनची बाई जेवढं रक्त जाऊनही उठून बसते, तेवढ्यात सातवाली कोसळते. त्याच सर्वेक्षणात राज्यातली चौथा हिस्सा बाळंतपणं सिझरची. एक सिझर, दोन सिझर, मग पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्याच्या जागी रुतून बसण्याची शक्यता वाढत जाते. अशी रुतलेली वार सोडवायला गेलं की रक्ताचा पाट वाहतो आणि अनेकदा गर्भाशयच काढावं लागतं.

मराठी माणसाला बाळंतपणातल्या मरणाचं नाव विचारलं तर अजूनही एकच आठवतं, अभिनेत्री स्मिता पाटील. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलाचा जन्म, १३ डिसेंबरला जसलोकमध्ये मृत्यू. वय ३१. ‘उंबरठा’ पाहिलेल्या पिढीला तो दिवस विसरता आलेला नाही. तेव्हाच्या हळहळीत एक प्रश्न अनेकांच्या तोंडी होता की मुंबईत, एवढ्या ओळखी असताना, हे कसं होऊ शकतं? मला त्या दोन तारखांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. पंधरा दिवस. आपल्या मनात धोका बाळ रडल्याबरोबर संपतो. पाचवी होते, बारसं ठरतं, घर पाहुण्यांनी भरतं. खरं तर बाळंतिणीचे कितीतरी मृत्यू बाळ जन्मल्यानंतर होतात, म्हणून तर ती ४२ दिवसांची मुदत. घरी आल्यावर ताप भरला की ‘दूध दाटलं’ म्हणतात. बहुतेक वेळा तसं असतंही. पण अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आहे, थंडी वाजून येतेय, नाडी पळतेय, बाई असंबद्ध बोलतेय, तर तो जंतुसंसर्ग आहे आणि त्यालाही तासांचीच मुदत असते.

करोनानं हेच पुन्हा दाखवलं. एप्रिल २०२० पासून मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात करोनाबाधित गरोदर बायकांची सोय झाली. परळच्या आयसीएमआर संस्थेबरोबर तिथल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. पहिल्या लाटेत ११४३ बायकांपैकी ८ दगावल्या. दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२. पाऊण टक्क्याहून कमी ते जवळपास पावणेसहा टक्के. इमारत तीच, अनुभव उलट वाढलेला. बदलला विषाणू. ही वाढ लगेच दिसली, गरोदर बायकांना लस द्यावी या मागणीला तिचा आधार मिळाला, कारण कुणीतरी पहिल्या दिवसापासून वही नीट भरली होती. परळ-मुंबई सेंट्रलच्या त्या दिवसांतलं हे काम मला कुठल्याही यंत्रसामग्रीपेक्षा मोठं वाटतं.

वही भरण्याची परंपरा या भागात जुनी आहे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स गिरणी कामगार बायकांची बाळंतपणं तपासत चाळींमधून फिरल्या. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवतात, हे त्यांनी नोंदवलं. १९२६ मध्ये वाडिया प्रसूतिगृह आणि केईएम उभी राहिली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिकाळातल्या पगारी रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे गिरण्यांतून बायकाच कमी होत गेल्या, तो वेगळा लेख होईल.

वाचलेल्या बाईकडे परत येतो. ती आयसीयूतून वॉर्डात येते, वॉर्डातून घरी. हातात डिस्चार्ज कार्ड, बहुधा इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात. खूप रक्त गेलेल्या काही बायकांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा त्या वेळी तुटतो आणि ग्रंथी मरते. हॅरल्ड शीहान या ब्रिटिश डॉक्टरानं १९३७ मध्ये हे वर्णन केलं. पहिली खूण म्हणजे दूध येत नाही. घरात शतावरी येते, अळीव येतात, मेथीचे लाडू होतात, आणि ‘हिलाच पाजायचं नाही’ असंही कुणी म्हणतं. मग पाळी परत येत नाही. थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं, वजनातले फेरफार. थायरॉइडची गोळी, टॉनिक, कधी मनाचा आजार म्हणून औषध. रक्तदाबाच्या झटक्यांतून वाचलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, पण चाळिशीत छातीत दुखलं म्हणून गेल्यावर तिला ‘दिवसांत बीपी वाढलं होतं का’ असं क्वचितच विचारलं जातं.

शीहानचं निदान आपल्याकडे कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी होतं, तेही बाई दुसऱ्याच कशानं तरी बेशुद्ध होऊन दाखल झाल्यावर. तेव्हा डॉक्टर विचारतात, बाळंतपणात किती रक्त गेलं होतं, किती बाटल्या चढवल्या होत्या, दूध आलं होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला तोंडपाठ असतं. पहिल्या दोनांसाठी ती नवऱ्याकडे बघते, आणि नवरा सांगतो की कागद जुन्या खोलीत होते, खोली सोडली तेव्हा गेले.